जास्तीच्या प्रोटॉनचे करायचे काय?

पेट स्कॅनसाठी नाव नोंदवलेल्या रुग्णाला दोन गोष्टी बजावून सांगितल्या जातात. आधीचे सहा तास काही खायचे नाही, आणि दिलेल्या वेळेला म्हणजे वेळेलाच हजर राहायचे. पहिली सूचना रुग्णालयात नेहमीच कानावर पडते. दुसरी मात्र इथे अगदी शब्दशः घ्यायची असते. एक्स-रे काढायला कुणी अर्धा तास उशिरा आले, तर यंत्राचे काही बिघडत नाही. पेट स्कॅनचे औषध मात्र कुणासाठी थांबत नाही. ते पहाटे तयार होते आणि तयार झाल्या क्षणापासून संपू लागते. एक तास पन्नास मिनिटांनी त्याचा जोर निम्मा होतो, आणखी तेवढ्याच वेळाने पाव. आज आणून उद्यासाठी फ्रीजमध्ये ठेवू, असे इथे चालत नाही. थंडीने किंवा उष्णतेने या घड्याळाचा काटा तसूभरही हलत नाही.

इंजेक्शन येते तेही जाड धातूच्या आवरणातल्या सिरिंजमधून. टोचून झाले की रुग्णाने तासभर एका खोलीत शांत पडून राहायचे, फार बोलायचेही नाही, आणि घरी गेल्यावर काही तास लहान मुलांना व गर्भवती स्त्रियांना जवळ घ्यायचे नाही. एवढे सगळे पाहिल्यावर सोबत आलेल्या मुलाच्या किंवा सुनेच्या मनात प्रश्न येतोच. हे औषध 'रेडिओअॅक्टिव्ह' आहे म्हणतात. ते अंगात किती दिवस राहणार? आणि इतके नाशवंत औषध वापरण्यापेक्षा टिकणारे एखादे का शोधून काढत नाहीत?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर औषधातल्या एका अणूपाशी आहे. त्याचे नाव फ्लोरीन-१८. टूथपेस्टच्या वेष्टनावर ज्याचे नाव असते, तोच हा फ्लोरीन. फरक फक्त एका कणाचा. टूथपेस्टमधल्या फ्लोरीनच्या अणुकेंद्रात ९ प्रोटॉन आणि १० न्यूट्रॉन असतात. तो जगाच्या अंतापर्यंत तसाच राहील. इंजेक्शनमधल्या फ्लोरीनमध्ये प्रोटॉन ९ आणि न्यूट्रॉनही ९. एक न्यूट्रॉन कमी पडला आणि आयुष्य मिनिटांवर आले.

असे का व्हावे? प्रोटॉनवर धन विद्युतभार असतो आणि धनभार एकमेकांना दूर ढकलतात. अणुकेंद्राच्या इवल्या जागेत त्यांना एकत्र बांधून ठेवते ते दुसरेच एक बल. ते फार जबरदस्त, पण त्याचा हात आखूड. शेजाऱ्याच्या पलीकडे पोचत नाही. विद्युतबलाचा हात मात्र लांब. केंद्रातला प्रत्येक प्रोटॉन बाकीच्या प्रत्येक प्रोटॉनला ढकलत असतो. न्यूट्रॉनला भार नाही. तो ढकलण्यात भाग घेत नाही, बांधण्यात मात्र घेतो. म्हणून अणू जड होत जातात तशी त्यांना न्यूट्रॉनची गरज वाढत जाते. साध्या कार्बनमध्ये ६ प्रोटॉनांना ६ न्यूट्रॉन पुरतात. शिशाच्या सर्वांत जड टिकाऊ प्रकारात ८२ प्रोटॉनांना सांभाळायला १२६ न्यूट्रॉन लागतात. दोहोंची संख्या सारखी असलेले शेवटचे टिकाऊ अणुकेंद्र कॅल्शियम-४० चे, वीस आणि वीस. त्यापुढे बरोबरीचा संसार चालत नाही.

दुसरे कारण जागावाटपाचे आहे. दोन जिन्यांची एक चाळ डोळ्यांसमोर आणावी. एका जिन्यावर फक्त प्रोटॉन राहतात, दुसऱ्यावर फक्त न्यूट्रॉन. प्रत्येक मजल्यावर मोजक्याच खोल्या आणि प्रत्येक खोलीत दोघे. खालचे मजले आधी भरतात. प्रोटॉन जास्त झाले की त्यांना वरच्या मजल्यावर चढावे लागते, आणि त्याच वेळी शेजारच्या जिन्यावर न्यूट्रॉनांच्या खालच्या खोल्या रिकाम्या असतात. शिवाय या चाळीत जोडीने राहणाऱ्याला स्वस्थता जास्त. फ्लोरीन-१८ मध्ये नववा प्रोटॉन एकटा आहे आणि नववा न्यूट्रॉनही एकटाच. प्रोटॉन जर न्यूट्रॉन झाला, तर ८ आणि १० अशी दोन्हीकडे जोड्यांची सम संख्या होते.

आणि प्रोटॉन खरोखरच न्यूट्रॉन होतो. मोकळ्या प्रोटॉनला हे जमत नाही, कारण न्यूट्रॉन त्याच्यापेक्षा किंचित जड आहे. तो जास्तीचा जडपणा आणायचा कुठून? अणुकेंद्रात मात्र घडी नीट बसण्यातून जी ऊर्जा वाचते, तिच्यातून हा खर्च भागतो. प्रोटॉनने आपला धनभार टाकून द्यायचा, तर तो कुणीतरी बाहेर नेला पाहिजे. हे काम पॉझिट्रॉन नावाचा कण करतो. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचे प्रतिबिंबच. वजन तेवढेच, भार उलटा. कार्ल अँडरसन यांना तो १९३२ साली सापडला. त्याच्याबरोबर न्यूट्रिनो नावाचा आणखी एक कण निघतो, पण तो रुग्णाच्या शरीरातून, जमिनीतून आणि पृथ्वीतून कशालाही न शिवता पार निघून जातो. त्याला तूर्त जाऊ द्यावे.

पॉझिट्रॉनला शरीरात फार फिरता येत नाही. मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या आत त्याची गाठ एखाद्या इलेक्ट्रॉनशी पडते आणि दोघेही नाहीसे होतात. त्यांच्या जागी गॅमा किरणांची एक जोडी निघते, आणि ते दोन किरण नेमके विरुद्ध दिशांना जातात. पेट स्कॅनचे सगळे यंत्र या एका गोष्टीवर उभे आहे. रुग्णाभोवती संवेदकांचे कडे असते. कड्यावरच्या समोरासमोरच्या दोन संवेदकांना एकाच क्षणी किरण लागले, की ज्या घटनेतून ते निघाले ती या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी घडली, हे यंत्राला कळते. अशा लक्षावधी रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे औषध साठलेले असते.

औषध कुठे साठावे, हे ठरते त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर. फ्लोरीन-१८ साखरेला जोडलेला असतो. ग्लुकोजच्या रेणूतला ऑक्सिजनयुक्त एक तुकडा काढून तिथे हा फ्लोरीन बसवतात; या बनावट साखरेला डॉक्टर 'एफडीजी' म्हणतात. कर्करोगाच्या बऱ्याच गाठी साखरेच्या अधाशी असतात. त्या ही साखर ओढून घेतात, पण पुढे ती त्यांना पचवता येत नाही आणि ती तिथेच अडकून बसते. मेंदू आणि हृदयही साखर घेतात, म्हणून चित्रात तेही उजळतात. चालल्या-बोलल्याने स्नायू साखर ओढतील, म्हणून रुग्णाला स्वस्थ पडून राहायला सांगतात. उपवास असतो तोही याचसाठी. नुकतेच जेवण झाले असेल, तर खऱ्या साखरेच्या गर्दीत बनावट साखर मागे पडते.

माणसाच्या शरीरात ही साखर पहिल्यांदा टोचली गेली ती १९७६ साली, अमेरिकेत फिलाडेल्फियाला. औषध तयार झाले होते न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत. तिथून ते विमानाने आणले गेले, कारण घड्याळ चालू झालेले होते. भारतात पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट स्कॅनर मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली सुरू झाला. त्यानंतर देशातल्या अनेक शहरांत सायक्लोट्रॉन आले. जिथे नाहीत तिथे औषध अजूनही गाडीने किंवा विमानाने जाते आणि निघताना मुद्दाम जास्त घेतले जाते. वाटेत जे विरून जाणार, त्याची ही आगाऊ भरपाई.

सायक्लोट्रॉनमध्ये होते ते असे. ऑक्सिजनचा एक दुर्मीळ जड प्रकार आहे, ऑक्सिजन-१८. निसर्गातल्या ऑक्सिजनच्या हजार अणूंत असे सुमारे दोन सापडतात. अशा जड ऑक्सिजनचे पाणी वेगळे काढून थोडेसे, चहाच्या चमच्यात मावेल एवढे, समोर ठेवतात आणि त्यावर वेगवान प्रोटॉनांचा मारा करतात. एखादा प्रोटॉन ऑक्सिजनच्या केंद्रात घुसतो, एक न्यूट्रॉन बाहेर पडतो आणि फ्लोरीन-१८ तयार होतो. पुढे रुग्णाच्या शरीरात तोच फ्लोरीन पॉझिट्रॉन टाकून पुन्हा ऑक्सिजन-१८ होतो. मग त्या अडकलेल्या साखरेत फ्लोरीन उरतच नाही. ती जड ऑक्सिजन असलेली खरी साखर होते आणि पेशी ती नेहमीसारखी वापरून टाकते.

तेव्हा घरच्या माणसांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे. साधारण अठरा तासांत, म्हणजे दहा वेळा निम्मे होऊन, हजारात एक भाग उरतो. काही भाग त्याआधीच लघवीवाटे जातो. टोचलेल्या फ्लोरीन-१८ चे एकूण वजन ग्रॅमच्या अब्जाव्या भागाइतकेही भरत नाही. किरणांची मात्रा शरीराला मिळते हे खरे, म्हणून हौसेने करून घेण्याची ही तपासणी नव्हे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. टिकाऊ अणू घेतला असता, तर स्कॅन संपल्यावरही तो महिनोन्‌महिने अंगात किरण सोडत बसला असता. औषध नाशवंत आहे, हाच त्याचा गुण.

माणसाने मुद्दाम घडवलेले पहिले किरणोत्सारी अणूही याच जातीचे होते. जानेवारी १९३४ मध्ये पॅरिसला आयरीन जोलिओ-क्युरी आणि त्यांचे पती फ्रेदेरिक जोलिओ अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर पोलोनियममधून निघणाऱ्या अल्फा कणांचा मारा करत होते. पोलोनियम बाजूला काढले की मोजणी थांबायला हवी होती. ती थांबेना. मोजयंत्राची टकटक मिनिटामिनिटाने मंद होत गेली, तीनेक मिनिटांत निम्मी. यंत्रच बिघडले असेल, अशी शंका आली. प्रयोगशाळेतल्या वोल्फगांग गेंटनर या जर्मन सहकाऱ्याने ते तपासले आणि ठीक असल्याचे सांगितले. अॅल्युमिनियमच्या काही अणूंचे फॉस्फरस-३० झाले होते, १५ प्रोटॉन आणि १५ न्यूट्रॉन. टिकाऊ फॉस्फरसपेक्षा एक न्यूट्रॉन कमी, आणि म्हणून पॉझिट्रॉन टाकण्याची घाई. रसायनशास्त्राने त्याची खात्री पटवायची, तर तीही काही मिनिटांच्या आत. त्यांनी पत्रा आम्लात विरघळवला, फॉस्फरस वायूबरोबर वेगळा काढला आणि किरणोत्सार त्याच्याबरोबर निघाल्याचे दाखवून दिले. आयरीनच्या आई मेरी क्युरी यांनी हे स्वतः पाहिले. त्याच वर्षी ४ जुलैला त्या गेल्या. पुढच्या वर्षी लेकीला आणि जावयाला नोबेल मिळाले, ते पाहायला त्या नव्हत्या.

पॉझिट्रॉन बाहेर टाकणे हा मार्ग महाग पडतो. त्याचे वजन घडवण्यापुरती ऊर्जा हाताशी लागते. ती नसेल, तर अणुकेंद्र दुसरी युक्ती करते. आपल्याच भोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपैकी एकाला गिळते आणि त्याच्या ऋणभाराने प्रोटॉनचा धनभार फेडून टाकते. बर्कलेच्या लुई अल्वारेझ यांनी १९३७ साली हे दाखवले. बेरिलियम-७ या मार्गाने जाते. ते वातावरणात उंचावर, अंतराळातून येणारे किरण हवेच्या अणूंवर आदळून तयार होते आणि पावसाबरोबर खाली येते. पहिल्या सरीच्या पाण्यातही थोडेसे असतेच. त्याचे अर्धायुष्य ५३ दिवसांचे. गंमत अशी, की त्याचे चारही इलेक्ट्रॉन काढून घेतले तर गिळायला काही उरत नाही आणि ते मरूही शकत नाही. अंतराळात भरधाव फिरणारी अशी नागडी बेरिलियम-७ केंद्रे त्यामुळे टिकून राहतात.

प्रोटॉनचा न्यूट्रॉन होण्याची ही क्रिया एखाद्या रुग्णालयापुरती नाही. सूर्य तिच्यावर चालतो. सूर्याच्या पोटात प्रोटॉनच प्रोटॉन आहेत आणि ते सारखे एकमेकांवर आदळतात. पण दोन प्रोटॉनांचे केंद्र टिकत नाही. जुळले की सुटले. नेमक्या त्या भेटीच्या क्षणी दोघांपैकी एक न्यूट्रॉन झाला, तरच जोडी जमते आणि पुढचे ज्वलन सुरू होते. असे इतके क्वचित घडते, की एकेका प्रोटॉनला सरासरी अब्जावधी वर्षे वाट पाहावी लागते. म्हणून तर ४६० कोटी वर्षे जळूनही सूर्याकडे इंधन शिल्लक आहे. दोन प्रोटॉन नुसते चिकटून राहिले असते, तर सूर्य केव्हाच भडकून संपला असता आणि खाली हा मजकूर वाचायला कुणी नसते.

आतापर्यंतच्या सगळ्या अणूंत प्रोटॉन जास्तीचे असले, तरी ते घट्ट बांधलेले होते. बाहेर पडणे त्यांना परवडत नव्हते, म्हणून त्यांनी घरातच रूप बदलले. पण न्यूट्रॉन आणखी कमी करत गेले तर? एक वेळ अशी येते, की पुढचा प्रोटॉन केंद्रात मावतच नाही. काठोकाठ भरलेल्या भांड्यातून थेंब ओघळावा तसा तो ओघळतो. शास्त्रज्ञ या काठाला 'ड्रिप लाइन' म्हणतात.

मात्र ओघळणेही सोपे नाही. प्रोटॉनला जाताना विद्युतबलाची एक अदृश्य भिंत आड येते, आणि तिच्या उंचीपुढे त्याची ऊर्जा फारच तोकडी असते. दगड असता तर जन्मभर आत राहिला असता. पण सूक्ष्म कणांच्या जगात भिंत न चढता तिच्यातून पार निघण्याची थोडी तरी शक्यता नेहमी असते. १९७० साली कोबाल्ट-५३ च्या एका उत्तेजित अवस्थेतून असा प्रोटॉन सुटताना प्रथम आढळला. पुढे १९८० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत जर्मनीत डार्मस्टाट इथल्या प्रयोगशाळेत सिगुर्ड हॉफमन आणि सहकाऱ्यांना ल्युटेशियम-१५१ सापडले. ते उत्तेजित वगैरे नव्हते. आपल्या साध्या, शांत अवस्थेतूनच ते प्रोटॉन सोडत होते. टिकाऊ ल्युटेशियममध्ये १०४ न्यूट्रॉन असतात, यात ८०. त्याचे अर्धायुष्य सुमारे ८० मिलिसेकंद. ऐकायला हे फार थोडे वाटते, पण भिंत नसती तर प्रोटॉन याच्या अब्जावधी पट लवकर पळाला असता. या मिलिसेकंदांच्या मोजमापावरून, तो प्रोटॉन चाळीच्या कोणत्या मजल्यावरून निघाला हेही शास्त्रज्ञांना सांगता येते.

आता पुन्हा जोडीकडे. रशियाच्या विताली गोल्डान्स्की यांनी १९६० साली कागदावर एक विचित्र शक्यता मांडली होती. प्रोटॉनांची संख्या सम असेल, तर काठावरचे शेवटचे दोघे जोडीने राहतात. त्यांतला एकटा निघू पाहील, तर जोडी मोडण्याची किंमत त्याला परवडणार नाही. पण दोघे एकदम निघाले तर ऊर्जा पुरते. म्हणजे असे अणुकेंद्र एक प्रोटॉन सोडू शकत नाही, दोन सोडू शकते. हे प्रत्यक्ष दिसायला बेचाळीस वर्षे लागली.

सापडले ते लोखंडात. तव्याच्या आणि खिळ्याच्या लोखंडात बहुतांशी ५६ भाराचा अणू असतो, २६ प्रोटॉन आणि ३० न्यूट्रॉन. हे लोखंड-४५. प्रोटॉन तेच २६, न्यूट्रॉन फक्त १९. ते घडवायला निकेलचे अणू प्रचंड वेगाने एका पातळ पत्र्यावर आदळवायचे आणि असंख्य टकरींमधून एखाद्या वेळी नेमके २ प्रोटॉन आणि ११ न्यूट्रॉन झडण्याची वाट पाहायची. फ्रान्समध्ये कां शहरातल्या गानिल आणि जर्मनीतल्या डार्मस्टाट या दोन्ही प्रयोगशाळांनी २००२ साली निकाल जाहीर केले. डार्मस्टाटच्या हाती लागलेल्या घटना बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. काही मिलिसेकंदांत लोखंड-४५ मधून जेवढी ऊर्जा निघाली, ती दोन प्रोटॉन मिळून गेले असले तरच जुळत होती. पण दोघांना वेगवेगळे कुणी पाहिलेले नव्हते. शंकेखोरांना जागा होतीच.

ती मिटवली पोलंडच्या लोकांनी, तेही जवळजवळ जुन्या फोटोग्राफरच्या पद्धतीने. वॉर्सा विद्यापीठाच्या मारेक प्फुट्झनर आणि क्षिश्तोफ मिएर्निक यांच्या गटाने वायूने भरलेली एक पेटी तयार केली. तिच्यातून भारित कण गेला, की त्याच्या वाटेवर अंधूक उजेड उमटतो. समोर संवेदनशील कॅमेरा. ही पेटी त्यांनी अमेरिकेत मिशिगन राज्य विद्यापीठात नेली आणि २००७ साली छायाचित्रे प्रसिद्ध केली. चित्रात लोखंड-४५ आत शिरून थांबल्याची एक ठळक रेघ दिसते, आणि ती जिथे संपते तिथून दोन आखूड रेघा दोन बाजूंना फुटलेल्या. अणुकेंद्रातून एका क्षणी निघालेले दोन प्रोटॉन, साध्या डोळ्यांना कळेल असे. अनेक चित्रांतले कोन मोजल्यावर दिसले, की ते हातात हात घालूनही जात नाहीत आणि एकामागोमाग एकही जात नाहीत. दोघांचे एकमेकांशी आणि मागे राहिलेल्या क्रोमियमशी असे तिघांचे मिळून काहीतरी ठरते, आणि ते गणितात पकडायला फार अवघड जाते.

त्यानंतर जस्त-५४, निकेल-४८ आणि क्रिप्टॉन-६७ या अणुकेंद्रांतही हेच दिसले. २०२१ साली मॅग्नेशियम-१८ जाहीर झाले, १२ प्रोटॉन आणि ६ न्यूट्रॉन. आपल्या हाडांतल्या मॅग्नेशियममध्ये निदान बारा न्यूट्रॉन असतात. इथे त्याच्या निम्मेच. त्याला कुठली भिंत धरून ठेवू शकत नाही. जन्मताच ते दोन प्रोटॉन टाकते, लगेच आणखी दोन, आणि मागे उरते ऑक्सिजन-१४. त्यातही ८ प्रोटॉन आणि ६च न्यूट्रॉन, म्हणजे प्रोटॉन अजून जास्तच. पण आता ते घट्ट बांधलेले आहेत, बाहेर पडण्याची सोय नाही. मग सुमारे ७० सेकंदांच्या अर्धायुष्याने ऑक्सिजन-१४ पॉझिट्रॉनचा मार्ग धरते आणि नायट्रोजन-१४ होते, श्वासातून रोज आतबाहेर जातो तोच नायट्रोजन.